मंदी संपल्याची बातमी

शॉमबर्ग, १५ मार्च २००९

ती. पद्मजामावशीस,
आश्लेषाचा सा. न. वि. वि.

फोनवर रडू आलं असतं, म्हणून लिहितेय. शुक्रवारी मला कामावरून काढलं. आमची कंपनी गाड्यांचे पार्ट बनवते, आणि ऑर्डरीच येत नाहीत, म्हणून क्वालिटीचं अख्खं डिपार्टमेंट बंद केलं. निघताना माझा बॅज घेणारा सिक्युरिटीवालाच डोळे पुसत होता. पुढच्या आठवड्यात त्याचीही पाळी आहे.

केदारची नोकरी आहे, त्यामुळे इन्शुरन्सची काळजी नको. पण तो म्हणतो, मराठी मंडळाच्या पाडव्याला कुणी विचारलंच, तर आन्याच्या अभ्यासासाठी ब्रेक घेतलाय म्हणून सांग. मला नाही गं जमायचं खोटं बोलायला. तुला काय वाटतं?

तुझ्या नातीचा, आन्याचा नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
आश्लेषा


बेलव्ह्यू, २४ मार्च २००९

चि. आश्लेषास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचता वाचता वरण करपलं. ते नुकसानही तुझ्या कंपनीच्या नावावर मांडते.

पोरी, मी सत्तरच्या दशकात इथे अमेरिकेत डॉक्टर म्हणून आले, तेव्हापासून बऱ्याच मंद्या पाहिल्या. वर्षभरात ओसरेल आणि तेच लोक तुला बोलावतील. तोवर गप्प राहा. आपली माणसं सांत्वनाला डबा घेऊन येतात आणि जाताना बातमी घेऊन जातात. नवऱ्याचं ऐक. आणि जेवत जा, उपाशी राहून नोकरी मिळत नाही.

आन्याला पापा. आठवण ठेवून लिहीत राहा.

तुझी मावशी,
पद्मजा


शॉमबर्ग, ६ एप्रिल २००९

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझंही ऐकलं नाही आणि केदारचंही नाही. पाडव्याच्या कार्यक्रमात गाणी संपली, जेवणाची अनाउन्समेंट व्हायची होती, तेवढ्यात मी माइक मागून घेतला. म्हटलं, “मला नोकरीवरून काढलंय. मी काही चोरी केलेली नाही. आणखी कुणाला काढलं असेल, तर शनिवारी सकाळी लायब्ररीत या. मिळून शोधू.” कुणीतरी घाईघाईने सीडी लावली. गाडीत केदारने रेडिओ मोठ्याने लावला. आन्या मागून इंग्लिशमध्ये म्हणाली की तिला लाजेनं मेल्यासारखं झालं होतं. घर आल्यावर मला मिठी मारली.

शनिवारी बराच वेळ एकटीच बसले होते. मग संग्राम देसाई आले, टाय लावून. पन्नाशी ओलांडलेले, हुशार इंजिनिअर. त्यांना नोव्हेंबरातच काढलंय. तेव्हापासून रोज सकाळी तयार होऊन घरातून निघतात आणि संध्याकाळपर्यंत मॉलच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून राहतात. बायकोला सांगितलेलं नाही. त्यांच्यामागून आणखी दोघं आले. आता दर शनिवारी बसायचं ठरलंय.

रागाव हवं तर, पण लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
आश्लेषा


बेलव्ह्यू, ५ ऑक्टोबर २०१०

चि. आश्लेषास,
अनेक आशीर्वाद.

संग्रामरावांनी बायकोला खरं सांगितलं आणि आता तीच तुम्हाला पोहे करून पाठवते, हे ऐकून फार बरं वाटलं.

पण पेपर वाचून डोकं फिरलं. अर्थतज्ज्ञांच्या कमिटीने जाहीर केलंय म्हणे, मंदी गेल्या वर्षी जूनमध्येच संपली. आणि तू फोनवर सांगतेस की, आम्ही सध्या नोकरीत असलेल्यांनाच घेतो, असं एका रिक्रूटरनं संग्रामरावांना तोंडावर सांगितलं. ताप उतरतो, चार्ट नॉर्मल दिसतो, नातेवाईक पेढे आणतात. पण पेशंटला धड उभं राहता येत नसतं. अशा वेळी त्याला घरी पाठवणारा डॉक्टर कसला? तू कुणाला घरी पाठवू नकोस. माझा तो गप्प राहण्याचा सल्ला मानला नाहीस, छान केलंस.

थंडी सुरू होईल, छातीला जप. या म्हातारीवर जीव असू दे.

तुझी मावशी,
पद्मजा


शॉमबर्ग, २२ जून २०१४

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझ्याकडच्या पेपरातही आलं असेल. गेलेल्या होत्या तेवढ्या नोकऱ्या देशात परत आल्या. मला माझी मिळून दोन वर्षं झाली, एक पायरी खालची का असेना. हॉस्पिटलच्या खाटा बनवणाऱ्या कंपनीत तयार खाटा तपासते. बॉस माझ्याहून खूप लहान आहे, पण मुलगा भला आहे. आमच्या शनिवारच्या टेबलावरचे बाकीचेही हळूहळू कुठे कुठे लागले. राहिले संग्रामराव. साठीला टेकलेत. एका दुकानासाठी डिलिव्हरीची गाडी ड्राइव्ह करतात आणि इंजिनिअरच्या जागांसाठी अजून अर्ज करतात.

काल लायब्ररीच्या नव्या मॅनेजरबाई आल्या. फार सौजन्याने म्हणाल्या, आता ती अडचणीची वेळ सरली, तेव्हा जुलैपासून ही खोली दुसऱ्या ग्रुपला दिली आहे. संग्रामराव आपले कागद गोळा करायला लागले. मला ते बघवेना. मी बाईंना सांगितलं, “या टेबलावरच्या एका माणसाला अजून त्याचं काम परत मिळालेलं नाही. त्याला मिळेपर्यंत आमची मंदी चालू आहे.” त्यांना वाईट वाटलं, पण खोली काही मिळाली नाही.

घरी येऊन केदारला सांगितलं. आज सकाळी पाहते तर दोन्ही गाड्या रस्त्यावर उभ्या, आणि हा गॅरेज झाडतोय. त्यानेच फोन करून संग्रामरावांना बोलावून घेतलं होतं. ते दारात उभे राहून म्हणत होते की, माझ्या एकट्यासाठी कशाला एवढा खटाटोप. केदारने बेसमेंटमधून जेवणाचं जुनं टेबल ओढत आणलं होतं. तो म्हणाला, “ते टोक धरा.”

त्यांनी धरलं.

एखाद्या शनिवारी तूही ये आमच्या गॅरेजात. तुझा लोभ आहे, त्या जोरावरच चाललंय.

तुझी,
आश्लेषा