सोमवारी मी माकडतापाची लस घेतेय, म्हणून

मी, रसिका सुदेश गवस, वय २४, राहणार डोंबिवली पूर्व, नोकरी वागळे इस्टेटमधल्या पाणी तपासायच्या लॅबमध्ये, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, दोन कप चहा पिऊन लिहितेय. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. बाबांचा टोमणा आहे, पण टोमण्याला कायद्यात दबाव म्हणत नाहीत, असं शेजारचे हरिहर काका म्हणाले. ते कल्याण कोर्टात टायपिस्ट होते, त्यांना माहीत असणार.

हे लिहायचं कारण. माकडतापावर नवी लस बनतेय आणि पहिल्या टप्प्यात ती टोचून घ्यायला ठणठणीत माणसं हवी होती. मी नाव दिलं. सगळ्या टेस्ट पास! मंगळवारी जेवताना घरी सांगितलं तर बाबांनी हातातली भाकरी खाली ठेवली.

"एवढीच हौस असेल तर आधी मृत्युपत्र करून ठेव. आणि त्या फॉर्मवर इमर्जन्सीला माझं नाव घालायचं नाही."

"अहो, भरल्या ताटावर काय बोलताय!" आई.

"बाबा, लशीतला व्हायरस मेलेला असतो. तो काय करणार?"

"मग तुला कशाला टोचतायत? मेलेल्यालाच टोचा म्हणावं."

तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. मीठ हवं असेल तरी भावाला, विनीतला सांगतात, "तिला म्हण, मीठ दे." मी चोवीसची आहे, त्यांची परमिशन लागत नाही. पण फॉर्मवरची ती एक जागा मी अजून रिकामी ठेवलीय. तिथे मला दुसरं कोणाचं नाव घालायचं नाहीये.

कलम १. माझी स्कूटर भाऊ विनीतला. अट एकच, त्याने माझा नंबर मोबाइलमध्ये 'गोचीड' नावाने सेव्ह केलाय तो आधी बदलायचा. गोचीड चावून माकडताप होतो हे मीच त्याला शिकवलं, आणि त्याचा हा उपयोग केला त्याने.

कलम २. बँकेत जे असेल ते आईला. आई, त्यातून मिक्सर घे. देव्हाऱ्यात टाकू नकोस.

कलम ३. माझा सेकंडहँड मायक्रोस्कोप दोडामार्गला आत्याच्या गावच्या शाळेला. पोरांना गोचिडीचं पिल्लू दाखवा. तिळापेक्षा बारीक असतं, पण लेन्सखाली काय भारी दिसतं! मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा ओरडलेले.

कलम ४. आठवीत सायन्सच्या मॅडम मला म्हणालेल्या, "मराठीत विचार केलास तर सायन्स जमणार नाही." या मृत्युपत्राची एक झेरॉक्स त्यांना पाठवावी.

अजून एक लिहून ठेवते. सोमवारी काही जणांना लस देणार आणि काही जणांना नुसतं सलाईनचं पाणी, आणि कोणाला काय दिलं ते लगेच सांगणार नाहीत. मला पाणी निघालं तर मी खूप भांडणार आहे. जुनी लस कमी पडली म्हणून बंद झाली. आता ही चालली तर काजूच्या सीझनमध्ये बागेत जाणारी माणसं टेन्शन न घेता जातील. म्हणजे विचार करा ना! आणि त्यात माझा डावा दंड असणार!

कलम ५. हे फक्त बाबांना. ही वस्तू मी तीन वर्षं कोणाला दाखवली नाहीये.

शेवंती आत्या गेली त्याच्या दोन आठवडे आधी तिचा मला व्हॉइस मेसेज आलेला. "रसू, बागेत दोन माकडां मरान पडली हत गो. माका कसातरीच वाटता." मी रडणारा इमोजी पाठवला. बस. त्याच महिन्यात मी परीक्षेत लिहून आलेले की माणसांना ताप यायच्या आधी जंगलात 'मंकी डेथ्स' दिसतात. पाचपैकी पाच मार्क. तेच आत्याने तिच्या भाषेत सांगितलं आणि माझी ट्यूब पेटली नाही. मग तिला ताप आला. सगळे म्हणाले डेंग्यू असेल, मी पण म्हणाले. सहाव्या दिवशी नाकातून रक्त आलं, आणि गोव्याला नेईपर्यंत उशीर झाला.

बाबा, तुम्हाला वाटतं मी हौसेने जातेय. हौस आहेच, खोटं कशाला बोलू. पण मी त्या मेसेजला अजून उत्तर देतेय. मेसेज माझ्या फोनमध्ये आहे. तो तुम्हाला देते.

वरची पाच कलमं मीच लिहिली, मीच वाचली, आणि खाडाखोड दिसतेय ती पण माझीच.

ठिकाण: डोंबिवली
दिनांक: ८ फेब्रुवारी २०२६, रविवार
सही: रसिका सु. गवस

साक्षीदार १: हरिहर त्र्यंबक लेले. माझ्या देखत सही केली. मजकुरात कायदा कमी आहे, पण चालेल.

साक्षीदार २: सुदेश विठ्ठल गवस.

साक्षीदाराने फक्त सही करायची असते, असं हरिहरराव म्हणाले. मी थोडं लिहितो. शेवंतीने माकडांचं मलाही सांगितलं होतं. मी म्हटलं, तो मारुती आहे, तसाच टाकू नकोस. हळद-कुंकू लाव, नारळ ठेव आणि नीट पूर. तिने दोन्ही स्वतःच्या हातांनी उचलून पुरली. मेलेल्या माकडाला हात लावायचा नसतो, त्याच्या अंगावरच्या गोचिडी माणसाला चढतात, हे मला नंतर पेपरात वाचून कळलं. हे मी तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही.

कलम ५ मला पोचलं. फॉर्मवर माझा नंबर घाल. उद्या मी सोबत येतो. मला पंचावन्नावं चालू आहे, तिथे चालतं का विचारून ठेव.