झबल्याचं कापड

पोरी,

नाही, मला नातवंड नको आहे. कुणी विचारलं नाही तरी सांगते. पुन्हा दिवस राहून मागच्यासारखंच रक्त गेलं तर तुझा जीव वाचवणं कठीण, असं डॉक्टर म्हणाला. तरी तू फोनवर बाबांना म्हणतेस, "आईसाठी एकदा शेवटचं बघते, सोमवारी दवाखान्यात जाते." मी कधी मागितलं गं?

मशीनच्या खणात तू ते झबलं पाहिलंस आणि तिथेच घोळ झाला. शाळेच्या शर्टांचं उरलेलं कापड होतं. पहिल्या वेळी शिवलं, मग तू रिकाम्या हातानं दवाखान्यातून आलीस. चांगलं कापड टाकवलं नाही, एवढंच. आज उसवलं आणि त्यानं मशीनचं तेल पुसलं.

तुझे बाबा म्हणतात, "फोन कर आणि नको म्हण."

कसं म्हणू? मूल कधी, ते त्या दोघांनी ठरवायचं, तुम्ही नाक खुपसू नका, असं तुझ्या सासूला चारचौघांत मीच ठणकावलं होतं. ती बिचारी अजून गप्प आहे. आता मी कोणत्या तोंडानं बोलू?

मला तू हवीस. उशिरा उठणारी, माझ्या शिवणाला नावं ठेवणारी, आहेस तशी.

हे पत्र टपालात टाकणार नाही, त्याच खणात ठेवते. न विचारता माझे खण उघडायची तुझी खोड गेली नसेल, तर सोमवारी दवाखान्यात जायच्या आधी एकदा घरी ये.

बास. यापुढे एक अक्षर लिहिणार नाही.

आई