तीन शेळ्यांचं दूध

ता. ४ फेब्रुवारी

चि. भाचीबाई,

अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा, कारण दीड महिन्यात तुझं पत्र नाही.

इकडचं सांगते. गोठ्यातल्या दोन शेळ्या लागोपाठ गाभडल्या. आधी राणी, मग पंधरा दिवसांनी चोरटी. दोघींची करडं मीच हातानं ओढून काढली, एकही जिवंत नव्हतं. गुरांचा डॉक्टर आला, टोपी काढून डोकं खाजवलं, टोपी घातली आणि गेला. म्हणून तुझ्या गळ्यात पडते. सहा वर्षं तू डोळ्याला न दिसणारे जंतू पाळतेस. त्यांना कपाटात ऊब देतेस, वेळेवर खायला घालतेस आणि स्वतः दुपारचं जेवण विसरतेस, असं तुझ्या आईनं कळवलंय. त्या विद्येचा मावशीला काही उपयोग होतो का बघू. दूधगाडीवाल्याबरोबर तिघींच्या दुधाच्या तीन बाटल्या दिल्यात. लांबकानी धडधाकट आहे, पण तिला वगळलं तर रुसते.

मला माझ्या शेळ्या ठेवायच्यात, एवढं लक्षात ठेवून काय ते शोध.

लोभ तू वाढव, माझा आहे तेवढा तुला पुरून उरेल.

तुझी मावशी

ता. २० फेब्रुवारी

ती. मावशी,

सा. न. वि. वि. धपाटा पोचला.

तुझं दूध काचेच्या ताटल्यांवर पसरून दहा दिवस उबेत ठेवलं. काहीही उगवलं नाही. रोगाचा जंतू सोड, साधा निरुपद्रवीसुद्धा नाही. शेळी कितीही स्वच्छ असो, दुधात चार जंतू सापडतातच. आमच्या मॅडम म्हणाल्या, या शेळ्यांच्या एकदा पाया पडायला हवं. मावशी, दुधाला काय केलंस ते खरं सांग. आणि जसं काढशील तसं, काही न करता परत पाठव. बाटल्या डब्यात घट्ट बसव, तो डबा दुसऱ्या डब्यात. पडलेल्या करडाला उघड्या हातानं शिवू नकोस.

अजून एक. या वेळी तुझ्या ओळी उताराला लागल्यासारख्या खाली गेल्यात. बरी आहेस ना?

आशीर्वाद सावकाश दे, उत्तर मात्र लगेच.

तुझी भाची

ता. २४ फेब्रुवारी

चि. भाचीबाई,

अनेक आशीर्वाद. धपाटा या खेपेला मलाच.

उकळलं गं बाई. दोनदा उकळलं, साय काढली, गाळलं, बाटल्या सोड्यानं घासून उन्हात वाळवल्या. तुझ्या कचेरीत पांढरे कोट घातलेली शिकलेली माणसं. त्यांच्यासमोर माझ्या बहिणीच्या लेकीची मान खाली जायला नको. घराबाहेर जाणारं दूध निरसं जाऊ द्यायचं नाही, हे माझ्या आईनं मारून मारून शिकवलंय. आपण घरात पितो त्याला कोण बघतंय? मी तर धारोष्णच पिते. तुझे काका होते तोवर पातेलं चढायचं. एकटीच्या पेलाभर दुधासाठी चूल कोण पेटवणार?

आता निरसं पाठवलंय, डब्यात डबा घालून. तुझ्या मॅडमना सांग, पाया पडायचं राहू दे.

ओळींचं म्हणशील तर खुर्ची हलते. तिन्हीसांजेला जरा कसकस येते, पहाटे घामानं पातळ भिजतं, कंबर आणि गुडघे धरतात. मध्ये आठवडाभर बरं वाटतं, परत तेच. महिना झाला असेल. वय झालं की असं चालायचंच. उगाच आईला कळवू नकोस, ती रडत बसेल.

लोभ असू दे, शहाणपणा थोडा कमी केलास तरी चालेल.

तुझी मावशी

ता. ४ मार्च

ती. मावशी,

सा. न. वि. वि. तुझं पत्र मी उभ्यानंच वाचलं, आणि मग खाली बसले.

पाचव्या दिवशी ताटल्यांवर मधाच्या रंगाचे बारीक ठिपके उगवले. राणी आणि चोरटी, दोघींच्या. लांबकानीची ताटली चांगली आहे. याच जंतूवर मी सहा वर्षं घालवलीत. त्यानं शेळ्या गाभडतात. निरशा दुधातून आणि करडं ओढणाऱ्या हातांतून तो माणसात येतो. मग संध्याकाळचा ताप, पहाटेचा घाम, धरलेले सांधे. तू लिहिलंस ते सगळं आमच्या पुस्तकात छापलेलं आहे. ते वय नाही.

सोबत डॉक्टरांसाठी चिठ्ठी आहे. उद्याच रक्त दे. रोग निघाला तर दोन औषधं, सहा आठवडे. ताप गेला म्हणून मध्येच थांबलीस तर तो परत उठतो. शेळ्यांचं सांगताना हात जड होतोय. त्या दोघींना यावर खात्रीचं औषध नाही. त्यांना घालवावं लागेल, नाहीतर लांबकानीही जाईल. तुला शेळ्या ठेवायच्या होत्या, मला माहीत आहे.

महिनाभर ताप लपवलास. का गं?

या वेळी लोभाचं काही लिहीत नाही. आधी औषध घे.

तुझी भाची

ता. २६ मार्च

चि. भाचीबाई,

अनेक आशीर्वाद, सगळे तुलाच.

रक्तात तोच निघाला. औषधं सुरू होऊन अठरा दिवस झाले. बाराव्या दिवशी ताप गेला. वाटलं, थांबवावं, कोणाला कळणार? मग तू उभ्यानं पत्र वाचतेस ते दिसलं आणि गोळी गिळली.

राणी आणि चोरटीला गुरांचा डॉक्टर फाटकाबाहेर घेऊन गेला. हातमोजे घालून आला होता, या खेपेला टोपीला हात लावला नाही. खोल खड्डा केला, चुना टाकला. मी शेवटपर्यंत उभी होते. चोरटीला तुझ्या काकांनी बाटलीनं वाढवलं होतं. लांबकानी दोन दिवस फाटकाकडे बघत होती. तिचं रक्त चांगलं आलं, महिन्यानं परत तपासणार आहेत.

लपवलं का, विचारतेस. तुझ्या कामात काय करतात ते मला ठाऊक होतं गं. तापाचं कळलं की तू शेळ्या घालवायला सांगशील ही भीती होती. त्या गेल्यावर सकाळी उठून मी रागवू कोणावर? तुझे काका गेल्यापासून घरातलं सगळं बोलणं त्यांच्याशीच. आता तू त्या घालवल्यास, तर भरपाई तूच करायची. दर आठवड्याला पत्र पाठव, आणि त्यात मला रागवता येईल असं काहीतरी करून ठेवत जा. जेवण विसरलीस तरी चालेल.

लोभ कमी करू नकोस. अजून साडेतीन आठवडे मी औषधावर आहे, पुढचं पुढे बघू.

तुझी मावशी