वापीचा पगार

जुलै, गुरुवार. संध्याकाळ.

दिवाबत्ती झाली तरी मन ठिकाणावर नाही. आज ह्यांच्याबरोबर बोईसरला आयकराचं विवरण भरायला गेले होते. गेल्या वर्षी मध्येच वापीची नोकरी सोडून हे तारापूरच्या कंपनीत लागले. फॉर्म भरणारी मुलगी म्हणाली, "काकू, वापीचा पगारपण यात धरायचा. आणखी थोडा कर भरावा लागेल."

मी म्हटलं, "गुजरातचा कर गुजरातमध्ये कापला, तो विषय संपला. तुझी फी वाढवायला सांगतेस काय?" तेही बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. घरचा हिशेब मी ठेवते, त्याचा ताठा. दुसरं काय?

तिने पेनाला टोपण लावलं आणि माझं बोलून होईपर्यंत थांबली. मग समजावलं, आयकर साऱ्या देशाचा एकच, राज्य बदललं म्हणून वेगळा होत नाही. एकाच वर्षाची सवलत दोन्ही कंपन्यांनी धरली होती, म्हणून कर कमी कापला गेला.

हे हळूच म्हणाले, "गप बस गो. तुला नाय कळत त्यातलं." असं कधी बोलले नव्हते. पण ते नाही झोंबत. तिने शांतपणे टोपण लावलं, तेच झोंबतंय.

देवापुढे माफी मागितली. फुकटची. संशय घेतला त्या मुलीवर आणि माफी इथे?

उद्या वापीच्या पगाराचा कागद तिला द्यायला हे जाणार. म्हटलं, मीपण येते.

"कशाला? परत भांडायला?"

"नाय. तिची माफी मागायचीय."

"मग गर्दी असेल तेव्हाच जाऊ," हे म्हणाले.