चार खाचा

रत्नागिरी, १९३६

प्रिय मथू,

अजून कानात आहे तो आवाज. सकाळी आठाला इस्पितळाचं फाटक उघडायचं आणि शंभरेक बाटल्या एकदम किणकिणायच्या. औषध सरकारी, बाटली मात्र ज्याची त्याने घरून आणायची. काशीराम शिपाई प्रत्येकीचा वास घेऊन ओरडायचा, "अगो, ही रॉकेलची! राखेने घासून आण, नाहीतर खोकल्याबरोबर तूही पेटशील!"

बाटलीवर कागदाची पट्टी, एका खाचेपर्यंत एक डोस. अक्षरओळख नसलेल्यालाही कळायचं. तुझा हा कंपाउंडर बाप खाचा आकड्यांनी मोजत नसे. शाळेत लागलेला नाद! भुजंगप्रयात गुणगुणत कात्री चालवायची: लगागा लगागा लगागा लगागा. दर लगागाला एक खाच; एका चरणात चार, दोन चरणांत आठ. तुलाही तसंच शिकवलं. रविवारी दुपारी ओटीवर बसून तू आठवड्याच्या पट्ट्या कापायचीस, आणि तुझी आई म्हणायची, "बाप कविता कापतो, लेक कागद!"

आता बायकांचा नवा वॉर्ड झालाय. चिऱ्याच्या भिंती, खिडकीतून समुद्र. दहा खाटांपैकी सात रिकाम्या, कारण आपल्याकडच्या बायका पुरुष डॉक्टरापुढे नाडीपलीकडे काही दाखवत नाहीत. नर्स हवी. तू मुंबईत नर्सिंग शिकलेली, म्हणून डॉक्टरांनी तुझंच नाव काढलं. तुला कळवलं, तर तुझं उत्तर आलं: "जिथे माझ्या चुकीने एक बाई मरता मरता वाचली, तिथे कुठल्या तोंडाने उभी राहू?" चार दिवस ते पत्र उशाखाली आहे.

सत्तावीस साली धाकू खारव्याच्या बायकोने, कमळाने, खोकल्याचं औषध नेलं. त्यात अफूचा अर्क. पट्टीवर आठाऐवजी चार खाचा, म्हणजे दर वेळी दुप्पट डोस. दोन दिवस ती उठलीच नाही. ती शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी ती पट्टी माझ्यापुढे धरली. नोकरी डोळ्यांपुढे आली, आणि मी बोलून गेलो, "घरी पोर कापते." तू बारा वर्षांची. नाही म्हणाली नाहीस. तुला ते खरंच वाटलं.

ती पट्टी तुझी नव्हती, मथू. तुझ्या पट्ट्या त्या सकाळी संपल्या होत्या. मीच घाईने कापली. पहिला चरण झाला. दुसऱ्यात समुद्रावरचं माझं स्वतःचं काही जुळवायला गेलो आणि एका शब्दाशी अडलो. शब्द सापडला, उरलेल्या चार खाचा कापायच्या राहिल्या. तो शब्द अजून आठवतो. पुन्हा कुठे लिहिला नाही.

हे सांगायलाच पत्र लिहितोय. तू परत ये किंवा नको येऊस, पण माझी चूक स्वतःची म्हणून वागवू नकोस. काल काशीरामसमोर डॉक्टरांना सगळं लिहून दिलं. खारवीवाड्याकडे मात्र पाय उचलला नाही.

इथवर लिहिलं आणि पायरीवर काच वाजली. बघतो तर कमळा! नऊ वर्षांत या दारी आली नव्हती. काशीरामच्या पोटात काही राहत नाही, हे विसरलोच होतो. तिने सुनेच्या औषधाची बाटली पुढे केली. "कंपौंडर, खाचा बराबर हायत काय बघा. बोटानं मोजा, गाऊ नका." मी मोजल्या. आठ. बाटली पदराखाली घेऊन ती तिथेच खांबाशी टेकली आहे. म्हणते, "सुनेचे दिस भरत आलेत. तुमची पोर कदी यायची, ते इचारून घ्या, मी बसलेय."

तुझाच,
अण्णा