वाजवणाऱ्यांचं मुखपृष्ठ

आप्पा, मासिक म्हणजे दवाखान्याच्या बाकड्यावर पडलेलं, पानं फाटलेलं काहीतरी, एवढंच तुम्हाला माहीत. तुमचा मुलगा आता मासिक बनवतोय, तेही वाजवणाऱ्यांचं. डीजेवाले, बँडवाले, मिक्सरवर बसणारी पोरं. श्रीरामपुरातल्या एका साउंडवाल्याला हौस आली आणि त्यानं मला बोलावून घेतलं. म्हणाला, "तुमी बँडमास्तरचं पोरगं, तुमाला कळंल." तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्या नावावर काम मिळतं बघा.

मुखपृष्ठाचं एक शास्त्र असतं. भजनाचं मासिक असेल तर पिवळा रंग, तंबोरा, मिटलेले डोळे. डीजेचं असेल तर काळ्यावर झगझगीत निळं, आणि माणूस थेट वाचणाऱ्याच्या डोळ्यांत बघणारा. नाव वर डाव्या कोपऱ्यात, कारण टपरीवरच्या गठ्ठ्यातून तेवढंच दिसतं. हे मोडलं की लोक म्हणतात, हे आपलं नव्हे. तुम्हाला यात नवीन काही वाटणार नाही. बँडच्या गाडीची पाटी मी पहिल्यांदा रंगवली तेव्हा मोठ्या हौसेनं नाजूक, वळणदार अक्षरं काढली होती. तुम्ही स्वयंपाकघरात जेवताय, पाटी दारातून दिसतेय, आणि भाकरी ताटात ठेवून तुम्ही म्हणता, "कुनासाठी काढली ही? रस्त्यापल्याडच्या नवरीच्या बापाला वाचता आली पायजे. जा, त्याला इचार." मी चिडलो, जेवलो नाही. पण गेलो विचारायला. दुसऱ्या दिवशी तुम्ही रंगाचे नवे डबे आणून माझ्यापुढे ठेवलेत.

तर यावेळीही आधी विचारायला निघालो. संगमनेर केलं, मग जामखेड. प्रश्न साधेच: मुखपृष्ठावर कोण हवं, आत काय वाचायला आवडेल, कुठं विकत घ्याल. पहिल्या प्रश्नाला पोरं भरभरून बोलायची. मी मान खाली घालून लिहून घ्यायचो आणि लिहिता लिहिताच पुढचा प्रश्न विचारायचो. उत्तर नाही. वर बघावं तर पोरगा माझ्याकडे बघत नुसता हसतोय. मला वाटलं, माझा प्रश्नच बावळट असणार. मग क्रम बदलला. तरी तेच, पहिल्याला उत्तर आणि दुसऱ्याला मौन. जामखेडच्या एका गोदामात भिंतीएवढे स्पीकर रचलेले होते, सगळे बंद. तिथं मी वैतागून म्हणालो, "काय राव, कंटाळलात का?" तेव्हा तिथला पंचविशीचा गडी म्हणाला, "न्हाई ओ सायेब. पर तुमी खाली बघून काय बोलताय ते कळंना. त्वांड दिसू द्या की." शेजारच्यानंही मान हलवली. त्यांना त्यात काही विशेष वाटलंच नाही. मी मात्र वही मिटली. गावोगाव ज्यांना मी कंटाळलेले समजलो, ती पोरं माझ्या ओठांकडे बघत होती, आप्पा.

तुम्ही जन्मभर ढोलाशेजारी उभे राहिलात. कानात कापूस घालणाऱ्याची भर मांडवात टिंगल करायचात, "कापूस घातल्यावर चूक ऐकू येती व्हय रे?" आणि शेवटी शेवटी चर्चमधली उपासना संपली, माणसं उठून गेली, तरी आई हात धरून उठवेपर्यंत तुम्ही बसून राहायचात. पण ते म्हातारपणी झालं. या पोरांच्या अजून लग्नपत्रिका छापायच्यात!

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मला त्या पोरांबद्दल लिहायचं नाहीये. मुखपृष्ठावर कोण हवं, याला सगळीकडे एकच उत्तर आलं: श्रीरामपूरची ती पोरगी, मिक्सरवर बसते ती. तुमची नात. तुम्ही गेलात तेव्हा पाळण्यात होती. आता तिच्या नावावर सुपाऱ्या येतात आणि लगीनसराईत ती घरी फक्त झोपायला असते. माझा ऊर भरून आला, खोटं कशाला सांगू. काळा पडदा लावला, हेडफोन तिच्या गळ्यात अडकवला, ती ऐटीत उभी राहिली. मी कॅमेऱ्यात बघत म्हणालो, "हनुवटी जरा खाली घे." तिनं घेतली नाही. मी पुन्हा म्हणालो. ती नुसती हसत उभी.

"पप्पा, वर बघून बोला ना!" म्हणाली, अगदी लाडात.

मी वर बघितलं, पुन्हा सांगितलं, फोटो काढला. फार सुरेख आलाय. थेट बघतेय, नियमाप्रमाणे. साउंडवाला म्हणाला, "काय नजर हाय पोरीची, लई भारी!" तिच्या आईनं फोटोची दृष्ट काढली. मी कॅमेरा पिशवीत ठेवला. कानाच्या डॉक्टरकडे नेलं तर डॉक्टर पहिलं वाक्य काय बोलतील ते मला ठाऊक आहे, आणि मिक्सर सोडून ती जगेल कशी ते ठाऊक नाही. नाही नेलं तर जे काही उरलंय तेही रोज थोडं थोडं जाणार. भीती वाटते हो आप्पा, दुसरा शब्द नाही त्याला.

हे पत्र कुठं टाकू, आणि तुम्हाला कोण वाचून दाखवणार! एक मात्र सांगून ठेवतो. आज सकाळी ती ओट्याशी चहा गाळत होती. मी तिच्या पाठीमागे उभा राहून म्हणालो, "बाळा, चल, कान दाखवून येऊ." ती वळली नाही. आणि मला सुटल्यासारखं वाटलं.