कुकरच्या मुठीची शंका

प्रिय संगी,

पाकीट बघून तू आधी हसशील. हातात फोन असताना ही बया कागद कशाला खराब करतेय, म्हणशील. हस, माझी ना नाही. पण चिमीच्या परीक्षेआधी हे शेवटपर्यंत वाच.

गेल्या मंगळवारी आमच्या फार्मसी कॉलेजचा कॅम्प तलासरीला होता. मी बीपी मोजत बसले होते, तर एक उंच पोरगी पुढ्यात येऊन दात काढून हसायला लागली. आपली चिमी! तुझी ती शेंबडी बहीण यंदा सीईटीला बसतेय आणि पेपरला बाराच दिवस राहिलेत, हे मला तिथे कळलं. तिने बॅगेतून वही काढली. आपलीच वही ग, तू खताच्या गोणीचं कव्हर घातलेली. म्हणाली, "ताई सांगते, पॉलिमर क्रांतीताईने शिकवलंय, डोळे मिटून पाठ कर." ते पान माझ्यासमोर उघडं होतं. आणि मी काय म्हणावं? छान, म्हटलं. तेव्हापासून मला चैन नाही.

तुला आपल्या सीईटीच्या तयारीतला तो रविवार आठवतो का? आपण धडे वाटून घेतले होते, कारण पुस्तक एक आणि आपण दोघी. तुझे धडे तू मला शिकवायचीस, माझे मी तुला. तू रानशेतहून दोन बस बदलून चिंचणीला यायचीस, आणि आपण बोंबील वाळत घातलेल्या बांबूच्या वलांडीच्या सावलीत वास खात बसायचो. पॉलिमर शेवटचा धडा, माझ्या वाट्याचा. मी तो उघडलासुद्धा नव्हता. आळस, दुसरं काय! पण माझा तोरा केवढा! बाबा शेजारी जाळ्याचा नायलॉनचा दोर कापत होते. दोराचं टोक उसवू नये म्हणून त्यांनी काडी पेटवून ते वितळवलं, बोटांनी दाबलं, आणि गार झाल्यावर ते घट्ट झालं. मी लगेच मास्तरीण झाले. म्हटलं, बघ, हेच पॉलिमर. तापवलं की वितळतं, गार झालं की घट्ट, पुन्हा तापवलं की पुन्हा वितळतं. दोर, बादली, बेकेलाइट, सगळं एकाच रकान्यात लिहायला सांगितलं.

तू पेन थांबवलंस. म्हणालीस, "अगं, पण मग आईच्या कुकरची मूठ कशी नाय वितळत? रोज चुलीवर असते. एकदा करपली, पण वितळली नाय." आणि मी तुला उडवून लावलं. आम्ही दोरात जन्मलो, तू मला प्लास्टिक शिकवतेस का, असं म्हटलं. आई आतून ओरडली, पोरीला धड बोल जरा. तू मान खाली घालून लिहून घेतलंस. तुझं अक्षर त्या ओळीत थोडं तिरकं झालंय, मंगळवारी पाहिलं मी.

शंका तुझी बरोबर होती, संगी. कुकरची मूठ बेकेलाइटची असते, आणि बेकेलाइट थर्मोसेटिंग आहे. एकदा घडताना त्याच्या साखळ्या एकमेकींना आडव्या बांधल्या जातात, मग कितीही तापवा, ते करपेल पण वितळणार नाही. दोर थर्मोप्लास्टिक, मूठ थर्मोसेटिंग. पुस्तकात त्या धड्याच्या पहिल्याच पानांवर आहे. तू पुस्तक न बघता, चुलीसमोर बसून ते ओळखलं होतंस.

पेपर सुटल्यावर गेटबाहेर तू माझा हात धरून नाचलीस. कुकरच्या मुठीचाच प्रश्न आला ग, म्हणालीस, तू सांगितलेलं आठवलं आणि पटकन क्लिक केलं! मी हसले. निकाल लागला, माझा नंबर लागला आणि तुझा थोडक्यात हुकला. त्या एका मार्काने लागला असता का, मला ठाऊक नाही. पण पुढच्या वर्षी फॉर्म भर म्हटल्यावर तू म्हणालीस, केमिस्ट्री आपल्या डोक्यातली नाय, आणि घोलवडला चिकू पॅकिंगला गेलीस. ते वाक्य माझ्या जिवाला लागून राहिलंय.

चूक कुणाचीही होते, तू म्हणशील. तेवढंच असतं तर मी फोन केला असता. पण पेपरच्या दोन दिवस आधी बोईसरच्या माझ्या क्लासमध्ये सरांनी हाच प्रश्न सोडवून घेतला होता. मला कळलं होतं, संगी. तुला मेसेज टाईप केला आणि पुसला. प्रत्येक सराव परीक्षेत तू माझ्या पुढे असायचीस, म्हणून. दुसरं कारण नव्हतं. मंगळवारीही तलासरीहून परतताना एक मेसेज लिहिला, तोही पुसला, म्हणून हा कागद. माफी मागायला मला तोंड नाही. फक्त वहीतलं ते पान फाड. नवं पान सोबत आहे, पुस्तकाशी दोनदा ताडून लिहिलंय. वर सुरुवातीलाच कुकरच्या मुठीची शंका लिहिलीय, आणि शंकेखाली तुझं नाव. चिमीला देताना क्रांतीताईने शिकवलं असं सांगू नकोस. माझ्या ताईने ओळखलं होतं, एवढं तिला कळू दे.

तुझी म्हणवून घ्यायला आता कचरणारी,
क्रांती